काडतूस बसलं, पण बरोबर आहे का?

झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच फेकून द्यायचं नाही. ते साफ करायचं, साच्यात दाबून पुन्हा मापाला आणायचं, तळात पावडर पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, मोजून पावडर घालायची आणि तोंडावर नवी गोळी बसवायची. अमेरिकेत कित्येक नेमबाज हे काम घरच्या गॅरेजमध्ये करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि साधासुधा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत धरली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे हा लेख कृती शिकवायला लिहिलेला नाही. या कामातला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, आणि तो काडतुसापुरता राहत नाही. तयार झालेली वस्तू बरोबर आहे हे कोणी ठरवायचं आणि कशानं?

याची दोन उत्तरं आहेत आणि ती मी दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर माढ्याला येऊन शेती बघतात. भाची मेकॅनिकल इंजिनिअर, टेक्सासमध्ये राहते. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या आणि लांब पल्ल्याच्या रायफलच्या स्पर्धा खेळते आणि त्यासाठी लागणारी काडतुसं स्वतः भरते. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथं परवाना लागत नाही. मे महिना आहे, दुपारची वेळ, दोघं सोप्यात बसली आहेत आणि बोलता बोलता विषय निघाला आहे.

भाची : मामा, तुमची पद्धत मला माहिती आहे. गो गेजमध्ये गेलं, नो-गोमध्ये गेलं नाही, टाक पेटीत. पण ‘गेलं’ आणि ‘गेलं नाही’ ही काय माहिती झाली का? मी प्रत्येक काडतूस डिजिटल व्हर्नियरवर मोजते. आकडा लॅपटॉपवर चढवते. मला माझ्या मालाचं सगळं समोर दिसतं.

मामा : सगळं? एका काडतुसाचं काय काय मोजतेस ते सांग.

भाची : एकूण लांबी. कवचाची लांबी. गोळी बसल्यावर तोंडाजवळचा व्यास.

मामा : आणि बुडाजवळचा?

भाची : तो दर वेळी नाही. साच्यातून काढलेलंच असतं ना ते.

मामा : साचा बुडापर्यंत पोचतो का? कवच धरायला खाली पकड असते, तिच्यावरचा पट्टा साच्यात जातच नाही. तू गोळा केलेली कवचं कोणाकोणाच्या पिस्तुलातली असतात. काही पिस्तुलांत काडतूस बसतं त्या चेंबरला बुडाशी पुरता आधार नसतो, तिथं पितळ बाहेर फुगतं. ९ मिलिमीटरचं कवच सरळ नळी नसतं, निमुळतं असतं. बुडाशी जास्तीत जास्त ९.९३, तोंडाशी ९.६५. तू तोंडाशी मोजून खूश आणि फुगवटा बुडाशी. स्पर्धेत ते अर्ध्यात अडकणार आणि तुझ्या लॅपटॉपवर मात्र तिन्ही आकडे ठीक दिसणार.

भाची : अडकलंय तसं. खोटं कशाला बोलू?

मामा : तुझ्या मोजण्यात चूक नाही, पोरी. व्हर्नियर दोन टोकांत मोजतो, आणि तू ठेवलास तेवढ्याच जागी मोजतो. काडतूस काही दोन टोकांचं नसतं. ते चेंबरमध्ये जाताना अंगभर एकदम जातं.

इथं मामांच्या म्हणण्यामागचा सिद्धांत सांगायला हवा, कारण तो लेथवर काम करणाऱ्या कोणालाही उपयोगी आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. गो गेजनं वस्तूचा पूर्ण आकार एकदम तपासावा, म्हणजे लांबी, व्यास, सरळपणा, गोलाई सगळं एका दमात. नो-गो गेजनं मात्र एका वेळी एकच माप तपासावं. कारण उघड आहे. वस्तू बसण्यासाठी सगळी मापं एकत्र जमावी लागतात, बिघडायला एक माप पुरतं. काडतुसाचं गेज हे टेलरच्या गो गेजचं चांगलं उदाहरण आहे. बोटभर उंचीचं पोलादी नळकांडं असतं, त्याच्या पोटात कमाल मापाच्या काडतुसाचा हुबेहूब आकार कोरलेला. वरच्या तोंडाला दोन पायऱ्या घासलेल्या, एक उंच, एक खोल. काडतूस गोळीच्या बाजूनं आत सोडायचं. बूड खोल पायरीच्या खाली बुडालं तर काडतूस आखूड. उंच पायरीच्या वर राहिलं तर कुठंतरी जाड, लांब नाहीतर वाकडं. कुठं ते गेज सांगत नाही.

भाची : हेच! कुठं ते सांगत नाही. मग मी दुरुस्त काय करू?

मामा : आधी बाजूला काढ. दुरुस्ती नंतर. गेजचं काम पहिलं.

भाची : पण मामा, मायक्रोमीटरनं चारी बाजूंनी फिरवून मोजलं तर तुमचा आक्षेप उरतो कुठं?

मामा : उरतो. फिरवून सगळीकडे सारखा व्यास आला तरी वस्तू गोल असेलच असं नाही. तीन बाजूंनी किंचित फुगीर असा आकार असतो, मायक्रोमीटरमध्ये कसाही फिरव, आकडा तोच येतो. त्याच मापाच्या गोल भोकात घालून बघ, जात नाही. सेंटरलेस ग्राइंडिंग करणाऱ्यांना विचार, त्यांना तो चांगलाच माहीत आहे. आकडा खरा असतो आणि तरी फसवतो.

भाची थोडा वेळ गप्प राहते. पण ती हरलेली नाही. तिच्याकडे असा मुद्दा आहे की त्यापुढे ‘बसलं म्हणजे झालं’ हे म्हणणं टिकत नाही, आणि हा मुद्दा माढा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात भिंतीला टांगलेल्या बंदुकीचा आहे.

भाची : बरं, तुमच्या १२ बोअरचं बोलू. कवचाची लांबी ७० मिलिमीटर असा जो आकडा काडतुसावर असतो तो झाडल्यानंतरचा, तोंड उलगडल्यावरचा. भरलेलं असताना तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड असतं. जुन्या बंदुकीचं चेंबर ६५ चं. त्यात ७० चं काडतूस घाला. बसतं की नाही?

मामा : बसतं.

भाची : विनातक्रार बसतं. बंदूक मिटते. चाप ओढला की तोंड उलगडायला जागा नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्ऱ्याची वाट अडते आणि दाब वाढतो. म्हणजे बसलं, पण चूक बसलं. दुसरं उदाहरण देऊ? २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत टाका. चेंबरमधून खाली सरकतं आणि नळीत पुढं जाऊन अडकतं. माणसाला वाटतं घातलंच नव्हतं. तो १२ चं घालतो आणि उडवतो. नळी फाटते, हात जातो. या एका भीतीपोटी २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. तिथं तुमचं गो गेज काय करणार?

मामा : गो गेज ‘जा’ म्हणणार. म्हणून तर दुसरं टोक ठेवलंय. गो आणि नो-गो ही जोडी आहे, एकटं कुठलंच गेज नव्हे. काडतुसाच्या गेजला दोन पायऱ्या का असतात? एकानं मोठं पकडायचं, दुसऱ्यानं छोटं. २० बोअरचं काडतूस १२ च्या गेजमध्ये टाक, तळाला जाऊन पडेल, आणि आंधळ्यालासुद्धा कळेल. पण ६५ आणि ७० चं तुझं म्हणणं मान्य. ते गेजनं कळत नाही. ते वाचावंच लागतं.

हा कबुलीजबाब मला महत्त्वाचा वाटतो. गेज फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. काडतुसाचं गेज विचारतं, हे कमाल मापाच्या आत आहे का? तुझी बंदूक याच मापाची आहे का, हा प्रश्न त्याच्या आवाक्यात नाही. त्यासाठी गेज वेगळं असतं, भरीव, काडतुसाच्या आकाराचं, आणि ते बंदुकीच्या चेंबरमध्ये घालून बोल्ट, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा दांडा, मिटून बघतात. एक गेज काडतूस तपासतं, दुसरं बंदूक. दोन्हींच्या मधल्या फटीत सगळा धोका राहतो. बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथं अडतं तिथपर्यंतचं अंतर, त्याला नेमबाज हेडस्पेस म्हणतात. .३०३ चं काडतूस बुडाच्या कडेवर अडतं, ७.६२ चं खांद्यावर (कवच मानेकडं निमुळतं होतं तिथं), ९ मिलिमीटरचं तोंडाच्या काठावर. अंतर कमी पडलं तर बोल्ट मिटत नाही. जास्त झालं तर स्फोटाच्या वेळी पितळ ताणून ती जागा भरतं, आणि पितळाला ताणायलाही मर्यादा असते.

भाची इथूनच पुढचा धागा धरते.

भाची : रायफलच्या काडतुसांचं बघा. ७.६२ चं कवच झाडलं की चेंबरच्या मापाला फुगतं. मी साच्यात घालून खांदा परत मागं ढकलते. किती ढकलायचा? मिलिमीटरच्या पाच शतांश भागाएवढा, बस. हे मी कम्पॅरेटर लावून मोजते. आता समजा मोजलं नाही, साचा पार खालपर्यंत दाबला. खांदा त्याच्या तिप्पट मागं गेला. तुमच्या गेजमध्ये टाकलं तर दोन पायऱ्यांच्या मध्ये येतं, पास. पुढच्या वेळी झाडलं की पुन्हा तितकंच ताणतं. पुन्हा दाबलं, पुन्हा पास. दर वेळी बुडाच्या जरा वर पितळ पातळ होत जातं, आणि एके दिवशी कवचाचं बूड बाहेर येतं आणि धड चेंबरमध्ये राहतं. गेजनं प्रत्येक वेळी शाबासकीच दिली होती.

मामा : पातळ पडलेला पट्टा हाताला लागतो. तारेचं टोक वाकवून आत घालायचं, भिंतीवरून खालून वर ओढायचं. खाच असेल तर तार अडते.

भाची : लागतो, पण तोवर उशीर झालेला असतो. आकडा मला आधी सांगतो. तुमचं गेज हद्द ओलांडल्यावर ओरडतं. मला हद्दीकडं चाललेय हे कळायला हवं.

इथं मी भाचीच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. आणि तिचा विचार नवा नाही. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नियंत्रण-आलेख मांडला तो याच कारणासाठी. माल हद्दीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तो कुठल्या दिशेनं सरकतोय ते बघा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात आले आणि कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमार्फत हा विचार आपल्या कारखान्यांपर्यंत पोचला. साचा झिजतो, प्रेसचा खटका ढिला होतो, पितळाची नवी खेप जरा कडक निघते. गेज या सगळ्याकडे पाठ करून उभं असतं. एखादं काडतूस अडेपर्यंत ते काही बोलत नाही.

शिवाय गेजही झिजतं. गो गेजमधून रोज पितळ घासत गेलं की त्याचं पोट मोठं होतं आणि मोठी काडतुसंही आत जाऊ लागतात. म्हणून गेज करतानाच झिजेची सूट ठेवतात, ठरावीक काळानं ते मास्टर गेजशी ताडून बघतात आणि झिजलेलं मोडीत काढतात. मामांना हे पाठ आहे. पण भाचीच्या टेबलावरचं गेज कोणी ताडून बघितलंय? तिच्या व्हर्नियरचं तरी?

मामा : तुझ्या व्हर्नियरवर शंभराव्या भागापर्यंत आकडा दिसतो. खरा किती भरवशाचा?

भाची : दोन शतांश इकडं-तिकडं.

मामा : आणि तू पाच शतांशाच्या गोष्टी करतेस. बरं, मोजतेस ती खोली किती अंशाची? मापं सगळी २० अंश सेल्सिअसची असतात, जगभर. आत्ता सोप्यात ४२ अंश आहे. ५१ मिलिमीटरचं पितळी कवच २२ अंशांनी तापलं की जवळपास सव्वादोन शतांशानं वाढतं. पोलादी व्हर्नियरही तापतो, पण पोलाद कमी वाढतं, त्या लांबीला शतांशापेक्षा थोडं जास्त. फरक एक शतांश. वस्तू तीच, आकडा बदलला. पण आता गेज आणि काडतूस दोन्ही याच सोप्यात ठेव. आणि बंदूकही इथंच असेल. ती तिघं एकाच उन्हात आहेत.

भाची : हे मात्र बरोबर आहे, पण एक शतांशानं कोणी मरत नाही, मामा.

मामा : नाही मरत. म्हणूनच म्हणतो, आकड्याचा गर्व नको.

वादाचा सूर इथं जरा चढला, तो उतरवायला मामांनी गावाजवळची गोष्ट काढली. कुर्डुवाडी माढा तालुक्यातलीच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली तिथून बार्शीला सुरू झाली, अडीच फुटी रुळांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुढे १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. मुंबई-मद्रास मार्गाचे १६७६ मिलिमीटरचे मोठे रूळ शेजारीच. एकाच स्टेशनात दोन मापं नांदली आणि त्यापायी कुर्डुवाडीत रेल्वेचा कारखाना उभा राहिला. मामांच्या लहानपणी गावातली किती तरी माणसं त्या कारखान्यात होती.

मामा : चाकाची कड किती झिजली हे बघायला फिटर व्हर्नियर काढत नाही. पत्र्याचं गेज चाकाला लावतो. मालगाडीच्या चाकाची कड १६ मिलिमीटरपेक्षा बारीक झाली तर ते चाक पुढं जायचं नाही. रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात सुद्धा ते गेज तेच सांगतं. फिटर थकलेला असो, साहेब घाईत असो. आकडा वाचायला माणूस लागतो आणि माणूस वाकतो. गेज वाकत नाही.

भाची : माणूस गेजपाशीही वाकतो. अडलेलं काडतूस अंगठ्यानं जरा दाबलं की बसतं. ‘चालतंय की’ म्हणून पेटीत जातं. आकडा तरी लिहून राहतो, उद्या कोणी तपासू शकतं. अंगठ्याची नोंद कुठं राहते?

मामा : दाबायचंच नाही. तो पहिला धडा आहे. गो गेजमध्ये वस्तू स्वतःच्या वजनानं गेली पाहिजे. काडतूस सोडायचं, ‘टक्’ वाजलं पाहिजे. गेज उलटं केलं की स्वतः बाहेर पडलं पाहिजे. आणि बूड पायरीच्या आत आहे का ते डोळ्यानं नाही बघायचं, नख फिरवायचं वरून. डोळ्याला न दिसणारी कड नखाला लागते.

भाचीनं हे लक्षपूर्वक ऐकलं, कारण हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिच्याकडचे पिस्तूलवाले नळी काढून तिच्यातच काडतूस टाकून बघतात आणि तोच आवाज ऐकतात. नळी हेच त्यांचं गेज. त्याचा फायदा म्हणजे ते आपल्याच बंदुकीचं खरं चेंबर असतं. तोटा असा की त्याचं माप कमाल मर्यादेपर्यंत सैल असू शकतं. मग ती काडतुसं मैत्रिणीच्या पिस्तुलात अडतात.

मामांच्या बोलण्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट मात्र मापाची नाही.

मामा : खडकीचा कारखाना १८६९ चा. तिथून .३०३ ची काडतुसं पिढ्यानपिढ्या बाहेर पडली, बुडावर के. एफ. असा शिक्का घेऊन. वरणगावचा कारखाना पुढं १९६४ साली आला. पण खडकीतच दारूगोळ्याच्या गुणवत्तेची तपासणी करणारं संरक्षण खात्याचं वेगळं कार्यालय होतं, कारखान्याच्या हाताखाली नसलेलं. का? जो बनवतो त्यानं पास करायचं नाही. त्याचा दिवसभराचा घाम त्यात असतो, त्याला आपलं वाईट दिसत नाही. आता तू सांग, तुझ्या गॅरेजमध्ये भरतं कोण?

भाची : मी.

मामा : मोजतं कोण?

भाची : मीच.

मामा : आणि पास कोण करतं? तूच. झाडतंही कोण, तर तूच, कवच फुटलं तर तुझ्याच डोळ्यापाशी. तुझ्या टेबलावर दुसरं माणूस नाही. म्हणून गेज पाहिजे. ते तुझ्या ओळखीचं नाही, तुझी दया करणार नाही.

भाची : मग आकडे सोडून देऊ?

मामा : असं मी कधी म्हटलं? साचा लावताना आकडे घे, दर वीस-पंचवीस काडतुसांना एक मोजून नोंद ठेव, सरकतंय का बघ. ते बनवणारीचं काम. पण पेटीत जाण्याआधी प्रत्येक काडतूस, एकूण एक, गेजमधून गेलं पाहिजे. ते तपासनिसाचं काम. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या तरी एका वेळी एकच घालायची. भरायचं आज, तपासायचं उद्या.

भाची : आणि पावडर? गेज आणि व्हर्नियर दोन्हींना पावडर दिसत नाही. मापाला चोख काडतूस आणि पोटात पावडर दुप्पट, असं होऊ शकतं. किंवा पावडरच नाही. मग प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत निम्म्यात जाऊन बसते आणि मागून दुसरी येते.

मामा : त्याला मात्र मापाचा उपयोग नाही. गोळी बसवायच्या आधी उजेडात धरून प्रत्येक कवचात डोकवायचं. दुसरा उपाय नाही. कारखान्यातसुद्धा प्रत्येक खेपेतली काही काडतुसं झाडून दाब बघतात. सगळ्यात शेवटी झाडूनच कळतं.

शेवटचं वाक्य दोघांनाही मान्य आहे. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर ५० मीटर रायफलचं. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्याची .२२ काडतुसं घरी पुन्हा भरताच येत नाहीत, कारण त्यांचा प्रायमर बुडाच्या कडेतच असतो. काही नेमबाज त्या कडेची जाडी गेजनं मोजून काडतुसं निवडतात. पण या दर्जाच्या स्पर्धांसाठी काडतुसं निवडण्याची सर्वमान्य रीत म्हणजे आपली नळी कंपनीच्या चाचणी केंद्रात न्यायची, वेगवेगळ्या खेपांची काडतुसं तिच्यातून झाडायची आणि ज्या खेपेची छिद्रं सगळ्यात जवळजवळ पडतात ती खेप विकत घ्यायची. मापात सगळ्या खेपा पास असतात. फरक कागदावर दिसतो.

आणि मोजमापाच्या जगाचं बंदुकीशी नातं किती जुनं आहे तेही सांगायला हवं. आज बारामतीपासून चाकणपर्यंत जिथं जिथं टूल रूम आहे तिथं लाकडी पेटीत चकचकीत पोलादी ठोकळे असतात, स्लिप गेज. ते शोधणारे कार्ल एडवर्ड योहान्सन स्वीडनच्या सरकारी रायफल कारखान्यात तपासणीचं काम करत. १८९६ साली जर्मनीत माउझर कारखान्यात शेकडो वेगवेगळी गेजं बघून त्यांना प्रश्न पडला की प्रत्येक मापाला वेगळं गेज कशाला? थोडे ठोकळे एकमेकांना चिकटवून हवं ते माप का करू नये? त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून शतांश मिलिमीटरच्या पायरीनं वीस हजार मापं तयार होत. मामांचं गेज आणि भाचीचा आकडा, दोघांची आई एकच आहे. गेज खरं की खोटं हे ठोकळ्यांवर ठरतं आणि व्हर्नियर खरा की खोटा हेही त्यांच्यावरच. भाचीनं टेक्सासला परतल्यावर पहिली खरेदी करायची ती नव्या व्हर्नियरची नाही, एका प्रमाणित ठोकळ्याची, असं मामांनी बजावलं आणि तिनं ते मानलं.

माझं मत विचाराल तर मी शेवटचा शब्द गेजला देईन. आकड्यानं काम सुधारतं, याबद्दल मला शंका नाही. मोजल्याशिवाय साचा नीट लागणार नाही आणि झीज कळणार नाही. पण आकडा वाचणारा आपणच असतो आणि आपलं मन आपल्याच बाजूचं असतं. एखादा आकडा हद्दीच्या एका शतांशानं बाहेर गेला की आपण पुन्हा मोजतो, जरा घट्ट धरून, आणि तो आत येतो. ही सवय वाईट माणसांची नाही, कष्ट केलेल्या माणसांची आहे. गेजपाशी अशी सवलत नाही, एवढीच अट की अंगठा लावायचा नाही.

राहिली गोष्ट माढा, करमाळा, मोहोळ, बार्शी इकडच्या वाचकांची. घरात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असेल तर हा सगळा वाद तुमच्या दारात आहे. नळीखाली कोरलेलं चेंबरचं माप वाचा, ६५ की ७०, आणि काडतुसाच्या पेटीवरच्या आकड्याशी जुळवा. १२ आणि २० बोअरची काडतुसं एका खिशात कधीही ठेवू नका. पावसाळ्यात जुनी कागदी काडतुसं ओल धरून फुगतात. असं काडतूस चेंबरमध्ये अडलं तर ते दाबून, ठोकून, तेल लावून बसवू नका. परवानाधारक दुकानदाराला दाखवा आणि त्यानं नको म्हटलं तर ते सोडून द्या. आणि झाडलेल्या कवचात घरी काही भरायचा विचारसुद्धा करू नका.